लॉगिनच्या पलीकडचं काम

प्रिय मंदार,

तुझं पत्र आणि सोबतचा वाचननोंदींच्या वेब-ॲपचा आराखडा मिळाला. लॉगिनचं पान देखणं झालंय, वाद नाही. पण पुढचं सगळं तू 'मग ज्याच्या त्याच्या वाचननोंदी दाखवायच्या' एवढ्या एका ओळीत उरकलंस. माझ्या मते तुझं अख्खं ॲप त्या ओळीतच दडलंय, म्हणून हे लांबण लावतोय.

मुळात ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. ब्राउझरनं पान मागितलं, सर्व्हरनं दिलं, संबंध संपला. पुढच्या क्षणी तोच माणूस दुसरं पान मागायला आला तरी सर्व्हरच्या लेखी तो अनोळखीच. ही उणीव भरून काढायला १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू माँटुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझरकडे ठेवायला दिलेली छोटी चिठ्ठी, आणली आणि आपण अजून तिच्याच जिवावर आहोत. लॉगिन झालं की सर्व्हर अंदाज बांधता येणार नाही असा लांबलचक सेशन आयडी, म्हणजे त्या भेटीचा ओळख-क्रमांक, तयार करतो, कुकीतून ब्राउझरकडे देतो, आणि ब्राउझर तो दर वेळी परत दाखवतो. 'हा ॲडमिन आहे' असलं काही कुकीत उघडं लिहून ठेवू नकोस. ती वापरणाऱ्याच्या मशीनवर असते, तो ती सहज बदलेल. एचटीटीपी-ओन्ली (पानातली स्क्रिप्ट ती वाचू शकत नाही), सिक्युअर (ती फक्त सुरक्षित जोडणीवरून जाते) आणि सेमसाइट (परक्या साइटवरून आलेल्या मागणीसोबत तिला जाण्यापासून अडवते) या तिन्ही खुणा तिला लाव, आणि लॉगिन होताच सेशन आयडी नवा दे.

पासवर्डचं तर स्वतः काही रचूच नकोस. जँगो किंवा लाराव्हेलसारखा वेब-ॲपचा तयार सांगाडा घेतलास की खाती, लॉगिन, 'पासवर्ड विसरलो' हे बरंचसं तयार मिळतं. पासवर्ड मूळ रूपात न ठेवता त्याचं उलट न फिरवता येणारं रूप, म्हणजे हॅश, साठवायचं. त्यासाठी १९९९ चं बीक्रिप्ट आजही चालतं. २०१५ ची पासवर्ड हॅशिंग स्पर्धा जिंकलेलं आर्गॉन-२ त्याहून नवं. दोन्ही मुद्दाम संथ आहेत, म्हणजे डेटाबेस चोरीला गेला तरी चोराला दर अंदाजामागे वेळ मोजावा लागतो. आणि तो 'दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला' नियम काढून टाक. लोक शेवटचा आकडा वाढवतात, दुसरं काय करणार?

आता तुझी ती ओळ. समज, एका सदस्यानं आपली नोंद उघडली आणि पत्त्याच्या शेवटी ४१ आकडा दिसला. कुतूहल म्हणून त्यानं ४२ टाकला. तुझा कोड 'क्रमांक ४२ ची नोंद दे' एवढंच डेटाबेसला विचारत असेल, तर दुसऱ्याची खासगी नोंद त्याच्यासमोर उघडी पडेल. इथे ना पासवर्ड फुटला, ना सेशन चोरीला गेला. लॉगिनची सगळी व्यवस्था चोख असूनही घर उघडंच. प्रश्न असा हवा: 'क्रमांक ४२ ची आणि याच सदस्याची नोंद दे.' नाही सापडली तर सरळ 'असं पान नाही' म्हण. सदस्य कोण, हेही फॉर्ममधून आलेल्या आकड्यावरून ठरवायचं नाही, सेशनवरूनच. वाचताना, बदलताना, पुसताना, फाइल उतरवून घेताना, प्रत्येक ठिकाणी. 'पुसा' बटण लपवलं म्हणजे काम झालं असं तुझ्या आराखड्यात दिसतंय. बटण न दाबताही तीच मागणी पाठवता येते. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत हाच दोष पहिल्या क्रमांकावर आहे. सुरक्षेच्या गप्पा मात्र सगळ्या पासवर्डवर!

दुसरी जागा कॅशची, म्हणजे एकदा बनलेलं पान साठवून पुन्हा तेच देण्याची, आणि तिच्याकडे फारच कमी जणांचं लक्ष जातं. तुझं मुखपृष्ठ दर वेळी टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, नाव, नोंदी, शिफारशी भरून नव्यानं बनणार. ते मंदावलं की कुणीतरी 'कॅश लाव' असा सल्ला देईल. मग पहिल्या सदस्यासाठी बनलेलं पान, त्याच्या नावानिशी, पुढच्या सगळ्यांना जाईल. कोडमध्ये कुठेच चूक दिसणार नाही, आणि तुझ्या मशीनवर तू एकटाच असल्यानं चाचणीतही सापडणार नाही. वैयक्तिक पानांसोबत जाणाऱ्या कॅश-कंट्रोल या सूचनेत 'प्रायव्हेट' (सामाईक कॅशमध्ये ठेवू नको) किंवा 'नो-स्टोअर' (कुठेच साठवू नको) सांग. सर्व्हरवर स्वतः काही साठवत असशील तर त्याच्या किल्लीत, म्हणजे ज्या नावानं ते साठवतोस त्यात, सदस्याचा आयडी असू दे. पुस्तकांची सामाईक यादी मात्र खुशाल कॅश कर. वेग तिथेच मिळेल.

सदस्यांना ठळक अक्षरं हवीत म्हणून टेम्प्लेटचं एस्केपिंग (सदस्यानं लिहिलेला कोड न चालवता साधा मजकूर म्हणून दाखवणं) बंद करायचं तुझ्या मनात आहे, ते नको. एकाच्या नोंदीतली स्क्रिप्ट दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालेल. साधं मार्कडाउन (तारांकनासारख्या खुणांनी अक्षरं ठळक करायची पद्धत) दे आणि तयार होणारं एचटीएमएल गाळून घे.

चाचणीसाठी नेहमी दोन खाती ठेव, दोन वेगळ्या ब्राउझरमध्ये उघडी. एकाचे पत्ते दुसऱ्यात चिकटवत बस. कंटाळवाणं आहे, पण बाकी चाचण्यांपेक्षा मला याचाच भरवसा जास्त.

पुढच्या पत्रात डेटाबेसच्या टेबलांचा आराखडा पाठव. आणि एक गोष्ट त्याआधी ठरव: एखाद्यानं खातं बंद केलं, तर त्यानं इतरांना दाखवलेल्या नोंदी राहणार की जाणार? परकी किल्ली (फॉरेन की, म्हणजे नोंदीला तिच्या सदस्याशी जोडणारा रकाना) कशी बांधायची ते त्यावर अवलंबून आहे.

तुझा,
निखिल