‘काहून’ सांगणाऱ्या आवाजाला

ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, साताऱ्याहून वर्धा जिल्ह्यातल्या या कॉलेजात नोकरीला आले. बोलायला कोणी नाही. मेसच्या खिडकीतल्या रेडिओवर मात्र आमच्या कॅम्पसचंच केंद्र लागायचं, जेमतेम दहा-बारा किलोमीटर ऐकू जाणारं.

“खोली ठरवण्याआधी नळ कितव्या दिवशी येते, ते विचारा. दुपारी दुपट्टा कानावरून बांधा. अन् कोणी ‘काहून आले?’ म्हटलं तर घाबरू नका, ‘का आलात’ एवढंच पुसते तो.”

हसूच आलं! (मी खरंच घाबरले होते.)

ती निवेदिका, तिच्यामागे कूलरचा घरघराट तसाच येऊ देणारा तंत्रज्ञ आणि दाराशी न सांगता माठ ठेवून गेलेलं कोणी, तुमची नावं अजून कळली नाहीत. मनापासून आभार. माठ छान पाझरतोय.