छप्पर उघडे आणि पाहणी अकराव्या दिवशी

मा. संपादक महोदय,

सादर नमस्कार.

रोहिणी नक्षत्र निघायला चार दिवस असताना बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावावर वळवाचे वादळ आले. त्याची चार ओळींची बातमी आपल्या दैनिकात गावाच्या नावासह छापून आली होती. ते कात्रण पुढे घरविम्याच्या दाव्यात मला पुरावा म्हणून जोडता आले, त्याबद्दल आपले आभार मानावेत आणि त्या दाव्याच्या निमित्ताने लक्षात आलेली एक अडचण आपल्या वाचकांपुढे ठेवावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमचे घर जुने असून पुढचा भाग कौलारू आणि मागची वाढीव पडवी पत्र्याची आहे. त्या संध्याकाळी पश्चिमेकडून धुळीचा लोट आला, पाठोपाठ गारा आल्या, आणि परसातील फणसाची जाड फांदी आढ्यावर कोसळली. आढ्याची व त्याखालच्या दोन ओळींची कौले फुटली, तीन वासे गेले आणि पडवीचे सहा पत्रे हुकांसकट उपटून शेजाऱ्यांच्या शेतात पडले. सुदैवाने घरातील कोणालाही इजा झाली नाही. दुरुस्तीसाठी काही वर्षांपूर्वी बँकेचे कर्ज घेतले होते, तेव्हा बँकेने घराचा विमा उतरवून हप्ता परस्पर वळता करून घेतला होता. आपल्याकडील पुष्कळ कर्जदारांप्रमाणे आम्हीही ती पॉलिसी कधी उघडून पाहिली नव्हती. आमच्या गल्लीत अशी तीन घरे निघाली की ज्यांचा विमा होता आणि घरमालकांना तो वादळानंतरच समजला.

ही पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ या नावाची निघाली. विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेली ही योजना 1 एप्रिल 2021 पासून लागू असून तिच्या अटी सर्व कंपन्यांना सारख्याच आहेत. आग, वीज, वादळ, पूर आणि भूस्खलन यांपासून घराला होणारे नुकसान तिच्यात येते. विम्याची रक्कम घराच्या चटई क्षेत्रफळावर आणि बांधकामाच्या चालू दरावर काढली जाते. विमा कमी रकमेचा उतरवला होता, एवढ्या कारणाने दाव्यात कपात करता येत नाही. पडलेला राडारोडा हलविण्याच्या खर्चालाही दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत मुभा आहे. कागदावर योजना चांगली आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

माझी तक्रार काळाबद्दल आहे. जून 2024 मध्ये प्राधिकरणाने काढलेल्या परिपत्रकानुसार दावा कळविल्यापासून 24 तासांत सर्वेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करून अहवाल देणारा माणूस, नेमायचा, त्याचा अहवाल 15 दिवसांत घ्यायचा आणि अहवाल हाती आल्यावर 7 दिवसांत निर्णय द्यायचा, असे बंधन कंपन्यांवर आहे. माझ्या बाबतीत या नियमाचा भंग झाला असे मी म्हणू शकत नाही, कारण सर्वेअरचे नाव दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर आले, चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला आणि अकराव्या दिवशी ते स्वतः हुबळीहून आले. म्हणजे नेमणूकही मुदतीत झाली आणि अहवालही मुदतीत गेला, मात्र माझ्या घराचे छप्पर आभाळाला उघडे पडलेले असताना पाहणीला अकरा दिवस लागले. सर्वेअरने जागेवर केव्हा पोहोचावे, याचे बंधन त्या हिशेबात कुठे दिसत नाही. कोरड्या प्रदेशात ते कदाचित चालून जाईल. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वळीव आणि मृग यांच्यामधले हे पंधरा-वीस दिवस घर शाकारण्याचे असतात, हे सांगायला नको. त्या दिवसांत कौले चढविणारा माणूस मिळाला, तर त्याला ‘साहेब येऊन जाऊ देत’ असे सांगून परत पाठविण्याचे धाडस कोणी करत नाही. मीही केले नाही.

आणि इथेच दावा अडतो. सर्वेअर आले तेव्हा अर्धे छप्पर नवे झाले होते आणि उरलेल्यावर ताडपत्री होती. त्यांनी विचारले, फुटलेली कौले कुठे आहेत? गोठ्यापुढच्या चिखलात टाकली, असे मी प्रामाणिकपणे सांगितले, कारण फुटकी कौले आपल्याकडे त्याच कामाला जातात. पत्रे तेवढे सापडले. बरे झाले की पुतणीने दुसऱ्या दिवशी सकाळीच पुण्यातील आपल्या भावाला दाखविण्यासाठी संपूर्ण छपराचे आतून-बाहेरून चित्रण केले होते; ते नसते, तर कौलांचा एक रुपयाही मिळाला नसता. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणे हे विमाधारकाचे कर्तव्य असल्याचे पॉलिसीच्या अटींतच म्हटले आहे, म्हणजे ताडपत्री घालणे हा गुन्हा नसून ती अट आहे. परंतु तात्पुरते झाकणे कुठे संपते आणि दुरुस्ती कुठे सुरू होते, हे ठरविण्याचा अधिकार शेवटी अकराव्या दिवशी येणाऱ्या माणसाकडेच राहतो.

वाशांच्या बाबतीत मात्र मला मुळीच मान्य होणार नाही असा निर्णय आला. ‘वासे पूर्वीपासून जीर्ण होते’ असा शेरा मारून त्यांची रक्कम वगळण्यात आली. झिजेमुळे झालेले नुकसान विम्यात येत नाही, हा नियम रास्तच आहे. पण आमच्या सुताराने मोडलेला वासा उचलून दाखविला, तेव्हा तो मधोमध हातभर लांब धाग्यांनी फाटलेला होता. कुजके किंवा वाळवी लागलेले लाकूड असे फाटत नाही, ते बिस्किटासारखे आखूड मोडते आणि हाताला भुसा लागतो. ही गोष्ट आमच्याकडील कोणताही सुतार सांगेल, परंतु तिची नोंद घेण्यासाठी अहवालात जागा नव्हती.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो. घराचा उतारा कन्नडमध्ये, तलाठ्यांनी केलेला महजर (पंचनामा) कन्नडमध्ये, विम्याचा अर्ज इंग्रजीत आणि घरातील माणसांचे सारे व्यवहार मराठीत, अशी आपल्या भागाची रीत आहे. ग्राहक माहिती पत्रक मागणी केल्यास स्थानिक भाषेत द्यावे, असे सांगितले जाते. मी मागितले, तर ते कन्नडमध्ये आले. मला कन्नड वाचता येते, म्हणून माझे अडले नाही, आणि सीमाप्रश्न मला या पत्रात आणायचाही नाही. पण ज्या गावात विमा विकणारा प्रतिनिधी हप्ता मागताना मराठीतच बोलतो, तिथे दाव्याच्या वेळी मराठी आठवू नये, याचे आश्चर्य वाटते. वारसा नोंद न झालेल्यांची अडचण याहून मोठी आहे. आमच्या शेजाऱ्यांचे घर अद्याप आजोबांच्या नावावर असल्यामुळे त्यांचा दावा पाहणीपर्यंतही पोहोचला नाही. महसूल खात्याकडून मिळणाऱ्या मदतीची आशा धरावी, तर अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घरासाठी केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांत 6,500 रुपये होते, तेही किमान 15 टक्के नुकसान असल्यास. त्यात कौले चढविण्याची मजुरीसुद्धा भागत नाही.

म्हणून विमा कंपन्यांना माझी सूचना अशी आहे की, ज्या दाव्यात राहत्या घराचे छप्पर उघडे पडले आहे, त्यात पाहणीसाठी तीन दिवसांच्या आत माणूस पाठवावा. ते शक्य नसेल, तर मोबाइलवरून चित्रणाद्वारे पाहणी करावी आणि दुरुस्ती सुरू करण्याची परवानगी त्याच दिवशी लेखी द्यावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. बेळगाव शहरातही परवानाधारक सर्वेअर आहेत, मग खानापूरच्या घरासाठी हुबळीचा माणूस का नेमला जातो, याचाही खुलासा व्हावा.

आपल्या वाचकांसाठी इतकेच सांगतो की, वादळ शमल्यावर शिडी लावण्याआधी मोबाइल काढावा, आणि छायाचित्रांत आढे, वासे, खालची जमीन व पडलेली फांदी हे सारे एकमेकांच्या संदर्भात दिसेल असे पाहावे. फुटक्या कौलांची रास दावा निकाली निघेपर्यंत हलवू नये, चिखल कितीही असो. दावा अर्ज 30 दिवसांच्या आत पोहोचवावा आणि सुताराच्या व गवंड्याच्या अंदाजपत्रकावर त्यांची सही व तारीख घ्यावी. बँकेचे कर्ज बाकी असेल, तर दाव्याची रक्कम आधी बँकेकडे जाऊ शकते, हेही लक्षात ठेवावे. मला ते उशिरा कळले.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. वादळाच्या बातमीत ‘तालुक्यात अनेक घरांची पडझड’ एवढेच न छापता, बातमीदारांनी गावांची नावे आणि वादळाची वेळ आवर्जून द्यावी, कारण कंपनीने माझ्याकडे वादळाचा पुरावा मागितला तेव्हा त्याच तपशिलाचा उपयोग झाला.

वाशांच्या वगळलेल्या रकमेबाबत मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज केला आहे. महिनाभरात समाधानकारक उत्तर न आल्यास बेंगळुरू येथील विमा लोकपालांकडे जाणार आहे; तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तोपर्यंत तो फाटलेला वासा मी पडवीत भिंतीला टेकवून ठेवला आहे.

आपला नम्र,
एक विमाधारक वाचक
खानापूर तालुका, जि. बेळगाव