'बाळ-बाळंतीण सुखरूप' लिहिण्याआधी

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: घरी सोडण्यापूर्वी प्रत्येक नवजात बाळाची पल्स ऑक्सिमीटरने तपासणी सक्तीची करण्याबाबत

महोदय,
सविनय नमस्कार.

मी सरकारी दवाखान्यातली निवृत्त परिचारिका. एकतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली निम्म्याहून जास्त लेबर रूममध्ये आणि बाळंतिणींच्या वॉर्डात. डिस्चार्ज कार्डावर 'बाळ-बाळंतीण सुखरूप' हा शेरा मी किती हजार वेळा लिहिला असेल, त्याची मोजदाद नाही. त्यातला एक शेरा मात्र चुकला होता. हे पत्र त्याच्याबद्दल आहे.

मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, एप्रिलचा महिना. पहिलटकरीण माहेरी आलेली. बाळ दोन किलो आठशे ग्रॅम, जन्मताच खणखणीत रडलं, अर्ध्या तासात अंगावर प्यायलं. शी-शू झाली, बीसीजी आणि पोलिओचा डोस झाला. वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन बायका होत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना घरी सोडलं. कार्ड मीच भरलं. पाचव्या रात्री तेच बाळ जीपमधून परत आलं. अंगाला राख फासल्यासारखा रंग, पाय गार, पोट भराभर उडत होतं, जांघेत नाडी लागेना. जिल्ह्याला पाठवलं, पण बाळ वाटेतच गेलं. कागदावर 'जंतुसंसर्ग' असं लागलं.

आजी मला म्हणाली होती, "बाई, कालपासून दोन घोट घेतले की थांबायचं. कपाळाला घाम यायचा. मला वाटलं, उकाडा हाय." उकाडा होताच. आम्हालाही घाम फुटलेला होता.

त्या बाळाच्या हृदयात दोष होता, असं मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालाच नाही. पण पुढे काही वर्षांनी बॉण्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेसाठी, एक तरुण बालरोगतज्ज्ञ आमच्याकडे आले. त्यांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून त्यांनी मला जे समजावलं, ते मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणी समजावलं असतं तर बरं झालं असतं.

पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांना काम नसतं. म्हणून फुप्फुसाकडे निघालेलं रक्त महाधमनीत वळवणारी एक छोटी नळी असते. जन्मानंतर एक-दोन, फार तर तीन-चार दिवसांत ती मिटते. मिटायलाच हवी. पण काही बाळांचं हृदय असं घडलेलं असतं की ती नळी उघडी आहे तोवरच त्यांचं निभावतं. कुणाच्या फुप्फुसाकडची वाट बंद असते, कुणाची महाधमनी अरुंद असते, कुणाची डावी बाजूच वाढलेली नसते. आमच्या वॉर्डात ते बाळ दोन दिवस छान असतं, कारण नळी उघडी असते. घरी जातं आणि नळी मिटते. आम्ही 'सुखरूप' लिहितो तो दिवस आणि बाळ ढासळतं तो दिवस, यांत एक-दोन रात्रींचंच अंतर असतं.

हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळं हृदयात काही ना काही दोष घेऊन जन्मतात. सगळेच दोष घातक नसतात, काही भोकं आपोआप बुजतातही. पण त्यांतल्या सुमारे पाव हिस्सा बाळांना पहिल्या वर्षातच उपचार किंवा शस्त्रक्रिया लागते.

बाळ निळं पडलं तर कळेलच की, असं लोक म्हणतात. आम्ही परिचारिकासुद्धा म्हणायचो. पण डोळ्यांना निळेपणा दिसेपर्यंत रक्तातला ऑक्सिजन ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याच्याही खाली आलेला असतो, आणि आपली बाळं सावळी. त्यात पहिल्या दिवसांत तळहात-तळपाय निळसर असणं स्वाभाविक असतं, त्याला घाबरायचं कारण नाही. बघायची ती जीभ आणि ओठांची आतली बाजू. आपल्याकडे बाळ बघायला येणारा प्रत्येक जण रंगाबद्दल बोलतो, गोरं आहे की सावळं, आईवर गेलंय की बापावर. जीभ कुणी बघत नाही. आणखी एक कौतुक मला हल्ली ऐकवत नाही: "किती शांत आहे, रडतच नाही!" कधी कधी त्या बाळात रडायचं त्राण नसतं.

त्या डॉक्टरांनी एसएनसीयूतला, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षातला, ऑक्सिमीटरचा बाळांचा प्रोब माझ्या हातात दिला आणि शिकवलं. हातापायाला लावायचा हा वायरीचा तुकडा रक्तातला ऑक्सिजन किती टक्के ते दाखवतो. बाळ चोवीस तासांचं झालं की आधी उजवा हात, मग कुठलाही एक पाय. उजव्या हाताला जाणारी धमनी त्या नळीच्या अलीकडे फुटते आणि पायाला पोचणारं रक्त नळीच्या पलीकडचं असतं, म्हणून दोन्ही आकडे लागतात. दोन्ही ९५ किंवा त्याहून वर आणि त्यांत तीनपेक्षा जास्त फरक नाही, तर बाळ पास. कुठेही ९० च्या खाली आकडा आला तर तिथल्या तिथे डॉक्टरांना हाक. अधलंमधलं आलं तर तासाभराने पुन्हा. बाळ शांत असलं, पाय गार नसले, तर पाच मिनिटांच्या आत काम होतं. सुई नाही, रक्त नाही. आया तर उलट खूश व्हायच्या, "माझ्या बाळाचं मशीनवर बघितलं" म्हणून.

चौदा महिने आम्ही हे केलं. दोन बाळं तपासणीत अडकली. एकाला न्यूमोनिया निघाला. दुसऱ्याच्या हृदयातल्या मोठ्या रक्तवाहिन्या अदलाबदल झालेल्या होत्या. ते बाळ वेळेत मुंबईला पोचलं, शस्त्रक्रिया झाली, आता शाळेत जातं. मग डॉक्टरांचा बॉण्ड संपला, ते गेले. पुढे प्रोबची वायर तुटली. मी इंडेंट (मागणीपत्र) टाकला, स्मरणपत्र दिलं, पुन्हा इंडेंट टाकला. मी निवृत्त झाले तोवर प्रोब आलेला नव्हता.

महोदय, मी काही जगावेगळं मागत नाही. अमेरिकेने २०११ मध्ये ही तपासणी नवजात बाळांच्या शिफारशीच्या यादीत घातली. पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ज्या राज्यांनी ती सक्तीची केली, तिथे अशा गंभीर हृदयदोषांनी होणारे बालमृत्यू ३३ टक्क्यांनी घटले. हे परदेशातलं झालं म्हणावं, तर केरळने आपल्या सरकारी प्रसूतिकेंद्रांत ही तपासणी सुरू केली आहे आणि २०१७ पासून तिथल्या 'हृद्यम' योजनेतून अशा बाळांची नोंद होऊन पुढचे उपचार होतात.

आणि आपल्याकडे काय कमी आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. त्यात जन्मजात हृदयरोग आहे, शस्त्रक्रियेचा खर्च आहे. घरी जाऊन नवजात बाळ तपासायचं, हे देशाला शिकवलं आपल्या गडचिरोलीने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातूनच आशाताईंच्या गृहभेटी देशभर गेल्या. करोनात, २०२० मध्ये, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणत आम्ही दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फिरलो. आज खेड्यातल्या आजीलाही '९५ च्या खाली गेलं की दवाखाना' हे पाठ आहे. तो आकडा आपण म्हाताऱ्यांसाठी शिकवला आणि बाळांना विसरलो.

एक खबरदारी मात्र घ्यावी. करोनातली चिमट्याची यंत्रं उचलून लेबर रूमला वाटू नयेत. ती मोठ्यांच्या बोटांसाठी आहेत. बाळाला हातापायाभोवती गुंडाळायचा वेगळा प्रोब लागतो, तो वायरीपाशी तुटतो, आणि वर्षाला एक-दोन जादा द्यावेच लागतात. खरेदी यंत्राची होते, प्रोबची होत नाही, हा माझा अनुभव.

दुसरं, तपासणीत अडकलेल्या बाळाचं पुढे काय करायचं ते आधी ठरवा. इको करणारा माणूस तालुक्याला नसतो. मिटत चाललेली नळी उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं औषध आहे. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि सलाईनमधून सतत चालू ठेवावं लागतं, त्यात बाळाचा श्वास थांबू शकतो म्हणून सोबत जाणकार माणूस हवा. निदान प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ते असावं. कुठल्या जिल्ह्याचं बाळ कुठल्या हृदय केंद्रात जाणार, रात्री दोन वाजता फोन कुणी उचलणार, हे भिंतीवर लिहिलेलं असावं. ते नसेल तर आमचं यंत्र फक्त आईला रडवेल.

ऑक्सिमीटर सगळं पकडत नाही, हेही मला ठाऊक आहे. दोन लाखांहून जास्त बाळांच्या एकत्रित अभ्यासात गंभीर दोषांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सापडले. महाधमनी अरुंद असलेली बाळं निसटू शकतात, म्हणून जांघेतली नाडी बघायला विसरू नये. हृदयातलं मोठं भोक तर महिन्या-दीड महिन्याने बोलायला लागतं, म्हणजे आपला सव्वा महिना होतो त्या सुमाराला. तिथे आशाताईच कामाच्या. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या जातातच, श्वास मोजतात, वजन करतात. त्यांना आणखी दोन प्रश्न तोंडपाठ करायला सांगा: दूध पिता पिता मध्येच थांबून धापतं का? पिताना कपाळाला घाम येतो का? मिनिटाला साठच्या वर श्वास आणि न वाढणारं वजन यांच्या जोडीला या प्रश्नांचं 'हो' आलं, तर सर्दीचं औषध देऊन घरी ठेवू नये. पण पहिलं बाळंतपण माहेरी होतं, बाळ पुढे सासरी जातं आणि माहेरच्या आशाताईची वही तिथेच राहते. त्याचाही विचार व्हावा.

खासगी प्रसूतिगृहांनाही यातून सूट नको.

खर्चाचं गणित आपल्याकडे माझ्यापेक्षा चांगलं मांडतील. माझी मागणी एवढीच की डिस्चार्ज कार्डावर दोन रकान्यांची एक ओळ छापावी: उजवा हात इतके टक्के, पाय इतके टक्के, वेळ, सही. ती ओळ कोरी असेल तर बाळ घरी जाणार नाही, असा शासन निर्णय निघावा.

त्या चौदा महिन्यांत छापील कार्डावर जागा नव्हती, म्हणून मी बाजारातून स्वतःच्या पैशांनी या ओळीचा रबरी शिक्का करून घेतला होता. तो अजून माझ्या कपाटात आहे. नमुना म्हणून हवा असल्यास कळवावे, टपालाने पाठवते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका