खुले पत्र : फलक आला, बॅटऱ्यांची पेटी आली नाही

माननीय पर्यावरणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

दापोली तालुक्यातील एका बंदरगावातून हे पत्र लिहीत आहे. गेल्या आठवड्यात आमच्या जेटीमागच्या कचऱ्याच्या ढिगाला आग लागली आणि शेजारच्या खोपटीत मासेमारी बंदीच्या काळात दुरुस्तीसाठी ठेवलेली माझी जाळी जळून गेली. ढिगात पॉवर बँका आणि मोबाईलच्या फुगलेल्या, चेपलेल्या बॅटऱ्या सापडल्या. लिथियमची बॅटरी चेपली की आतले थर एकमेकांना भिडतात, उष्णता आपोआप वाढत जाते आणि ज्वाला विझली तरी आत धग राहते. म्हणूनच आम्ही वाळू टाकून विझवलेली आग पहाटे पुन्हा भडकली. पंचनाम्याला आलेल्या गृहस्थांनी मात्र ‘विडी पडली असावी’ असे लिहून घेतले.

गेल्या वर्षी याच जेटीवरच्या सभेत जुन्या बॅटऱ्यांसाठी वेगळी पेटी आणि महिन्यातून एकदा गाडी देण्याचे जाहीर झाले होते. फलक आला, त्यावर फोटोही आले. पेटी आली नाही.

दीड-दोन लाखांची जाळी गेली. खलाशांना दिलेली उचल, सोसायटीचा हप्ता आणि नव्या जाळ्यांचा खर्च यांचा मेळ कसा घालायचा, हे मला कोणी सांगितलेले नाही. भरपाईच्या अर्जात ‘नैसर्गिक आपत्ती’ आणि ‘इतर’ असे दोनच रकाने होते. माझी जाळी ‘इतर’ मध्ये जळाली.

नियम नाहीत असे नाही. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी पुरण्यास वा जाळण्यास मनाई आहे आणि तिच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर आहे. पण पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घेतले की उत्पादकाचा कागद पूर्ण होतो. बॅटरी कोकणातून उचलली की आणखी कुठून, हे कोण विचारतो?

2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर कित्येक दिवस अंधारात काढल्यावर इथे घरोघरी इन्व्हर्टर आले. त्यांच्या आणि बोटींच्या शिशाच्या बॅटऱ्यांना भाव मिळतो, म्हणून भंगारवाला त्या नेतो, परंतु त्यातले ॲसिड आधी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, ओततो. जांभ्या दगडातून मुरून ते विहिरीकडे नाही तर कुठे जाणार? फुगलेल्या लहान बॅटऱ्यांना तो हातही लावत नाही. बंदरात पाचशे बोटी आणि बोटीमागे दोन बॅटऱ्या धरल्या तरी हजार होतात. मी मोजलेल्या नाहीत, पण आपल्या खात्याने तरी कुठे मोजल्या आहेत? सेल्फी पॉइंटला निधी मिळतो, झाकणाच्या पेटीला मिळत नाही, हा या राज्यकारभाराचा हिशेब आम्हांला कळेनासा झाला आहे.

जेटीवर आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत पावसापासून सुरक्षित अशी पेटी ठेवावी, बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावूनच ती स्वीकारावी आणि घंटागाडीवरच्या कामगारांना हातमोजे द्यावेत. 1 ऑगस्टला मासेमारी सुरू होईल. त्याआधी पेटी कोणत्या तारखेला येणार आणि गाडीचा खर्च कोणत्या निधीतून होणार, हे लेखी कळवावे.

आपला,
एक मच्छीमार