गाणं बाईंच्या तोंडून येऊ द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आम्ही मुंबईतल्या बालवाड्यांमध्ये आणि पहिली ते तिसरीच्या वर्गांवर शिकवतो. आमच्यात काही संगीत शिक्षकही आहेत. हे पत्र एका मागणीसाठी आहे. लहान मुलांच्या वर्गातलं गाणं स्पीकरमधून काढून पुन्हा बाईंच्या आणि गुरुजींच्या गळ्यात आणा, आणि त्यासाठी लागणारं प्रशिक्षण, वेळ व थोडं साहित्य द्या.

गाण्याला धोरणात जागा आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षं हा पायाभूत स्तर मानला. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात गाणी, बडबडगीतं, खेळ, गोष्टी हीच शिकण्याची वाट म्हटली आहे. तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं आणि हिशेब यावा, हे केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाचं उद्दिष्ट २०२६-२७ साठी ठेवलेलं आहे. तरीही बऱ्याच वर्गांत गाणं पोहोचतं ते ब्लूटूथ स्पीकर, व्हिडिओची लिंक आणि 'मुलं गातानाचे फोटो आजच व्हॉट्सॲप गटावर टाका' या निरोपाच्या रूपात. मग मुलं पडद्याकडे बघत हात हलवतात, ओळीतला शेवटचा शब्द तेवढा ओरडतात आणि फोटो छान येतो.

ध्वनिमुद्रित गाणं मुलासाठी थांबत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला शब्द आठवायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात गाणं पुढे गेलेलं असतं. बाई गात असतील तर त्या मुलाच्या तोंडाकडे बघून थांबतात, भुवया उंचावतात, शब्द आला की पुढे जातात. शिकणं घडतं ते त्या थांबण्यात. शिवाय मुद्रित गाण्यांची लय बहुधा फार जलद असते. पाठ झालेल्या गाण्याला मिनिटाला १०० ते १२० टाळ्या चालतात, मुलांना ती लय आवडतेही. नव्या शब्दांचं गाणं मात्र ८० ते ९० वर ठेवावं लागतं, नाहीतर जोडाक्षरं गिळली जातात.

दुसरी अडचण सुराची आहे आणि तिच्याविषयी प्रशिक्षणात कुणी बोलत नाही. चार ते सात वर्षांच्या मुलांचा आवाज आरामात चालतो तो साधारण पेटीच्या पांढरी दोन ते पांढरी सहा या पट्ट्यांएवढ्यात, म्हणजे २९४ ते ४४० हर्ट्झ (हर्ट्झ हे सुराची उंची मोजायचं माप). पांढरी दोनला 'सा' धरला तर सा ते प एवढे पाचच सूर. बाईंचा स्वतःचा 'सा' बहुधा काळी चारच्या आसपास, २०८ हर्ट्झच्या जवळ असतो. त्या आपल्या सोयीच्या पट्टीत गाऊ लागल्या की मुलांना खालचे सूर लागत नाहीत आणि ती गाणं सोडून बोलू लागतात. आपण म्हणतो, 'ही मुलं बेसूर आहेत.' खरं तर पट्टी चुकलेली असते. उलट सिनेमातलं गाणं घेतलं की अंतऱ्याला सूर मुलांच्या टप्प्याबाहेर जातो आणि किंचाळणं सुरू होतं. आठवडाभरात निम्मा वर्ग घसा बसलेला. पुरुष शिक्षकांचा सूर तर मुलांहून एक सप्तक खाली असतो. काही मुलं तोच धरायला जाऊन घोगरा आवाज काढतात. त्यावर साधा उपाय आहे. फोनमधल्या तानपुऱ्यावर किंवा पेटीवर पांढरी दोनचा सूर द्यावा, सूर पक्का असलेल्या मुलाकडून पहिली ओळ म्हणवून घ्यावी आणि गुरुजींनी हळू आवाजात साथ करावी. पेटी सूर देण्यापुरतीच बरी. सबंध गाणं पेटीवर वाजवताना शिक्षकाचे डोळे पट्ट्यांवर राहतात, मुलांवर राहत नाहीत. या वयासाठी डफ किंवा नुसती टाळी पुरते.

गाणं शिकवण्याचीही रीत आहे. 'मी म्हणते तसं म्हणा' करत ओळ-ओळ घोकून घेतली की मुलांना तुकडे येतात, गाणं येत नाही. पहिल्या दिवशी बाईंनी पूर्ण गाणं दोनदा गावं, मुलांनी फक्त ऐकावं आणि मांडीवर ठेका धरावा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द मुलांचा. यमक असेल तर तो शब्द आपोआप येतो आणि पुढे वाचताना लागणारा ध्वनींचा कान इथेच तयार होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओळी जोडाव्यात, पाचव्या दिवशी बाईंनी मध्येच गप्प व्हावं. त्या मोकळ्या जागेत वर्ग काय म्हणतो, हीच खरी चाचणी. गाणं पाठ झाल्यावरच त्याचे शब्द फळ्यावर यावेत, बोट ठेवून म्हणायला. एका ओळीला एकच हावभाव. हात फार गुंतले की तोंड बंद होतं, हे कुठल्याही बालवाडीत पाहता येईल. गाणं चार ओळींचं, प्रत्येक ओळ कहरवा तालाच्या आठ मात्रांत, म्हणजे आठ ठोक्यांत, बसणारी. झुलण्याच्या गाण्याला सहा मात्रांचा दादरा ताल.

आता जिथे सर्वांत जास्त नुकसान होतं तिथे येतो. गाणं साखळी बनवतं. हे त्याचं बळ आहे, पण तीच साखळी पुढे मुलाला बांधूनही ठेवते. 'क ख ग घ' चालीत म्हणणाऱ्या मुलाला 'ग' चं कार्ड दाखवलं तर ते 'क' पासून सुरुवात करतं. पाढ्यांचंही तेच. 'सात सक किती?' विचारलं की मूल 'सात एके सात' पासून चढत येतं. सगळे म्हणतात पाढा येतो, पण भागाकारात तो उपयोगी पडत नाही. म्हणून पाठ झालेली साखळी मुद्दाम तोडावी लागते. पाढा मधूनच सुरू करायचा: बाई 'सात पाचा', मुलं 'पस्तीस'. मग उलटा. मग अर्धा वर्ग प्रश्न, अर्धा वर्ग उत्तर, त्याच चालीत. अक्षरगीत करायचंच तर पुस्तकात अक्षरं ज्या गटाने येतात त्याच गटाचं करावं, चार-पाच अक्षरांचं, आणि दर खेपेला क्रम बदलावा. आकडा बदलता येईल अशी गाणीही हवीत. उदाहरणार्थ:

डब्यात बसले दहा जण,
दादरला उतरले दोन जण,
उरले किती, सांगा पटकन!

दहा मुलं खरोखर दोन रांगांत बसवायची, दोघांना उठवायचं. पुढच्या फेरीला कुर्ला, उतरणारे तिघे. उत्तर चालीत लपलेलं नसल्यामुळे दर वेळी मोजावं लागतं. मराठीत एकवीस ते नव्याण्णवमधल्या बहुतेक संख्या ऐकताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी, त्यामुळे मुलं पंचवीसचे बावन्न करतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' अशी वाचनाची जोड याच कारणाने दिली गेली आणि तिच्यावर मोठा वाद झाला. त्या वादात आम्हाला पडायचं नाही. ही दोन्ही रूपं एकाच ठेक्यावर सवाल-जवाबासारखी म्हणवून घेता येतात: बाई 'वीस आणि पाच', मुलं 'पंचवीस'. तेवढ्याने बरीच मुलं सावरतात.

टाळ्यांनी शब्द तोडणं हे वाचनपूर्व तयारीचं सर्वांत स्वस्त काम आहे, पण ते नेहमी एका ठिकाणी फसतं. 'घर' लिहिताना दोन अक्षरं, बोलताना मात्र एकच ठोका. 'कमळ' लिहिताना तीन, बोलताना 'क-मळ'. बाई लिहिलेल्या अक्षरांप्रमाणे टाळ्या वाजवतात, मूल कानाने ऐकलेल्याप्रमाणे वाजवतं, आणि चूक मुलाच्या नावावर पडते. म्हणून पहिले काही आठवडे मामा, काकी, भाजी, टोपी असेच शब्द घ्यावेत, जिथे कान आणि डोळा एकच सांगतात. नंतर गाण्याची मदत घ्यावी. गाताना आपण 'घ-र' असा शेवटचा अ लांबवतो, बोलण्यात लपलेला तो स्वर गाण्यात उघडा पडतो. 'घर' मध्ये र सुटा का लिहायचा, हे मुलाला तिथे कळतं. मराठीला मिळालेली ही मोठी सोय आहे आणि आपण ती वापरत नाही.

मुंबईत मराठी शाळेतल्या मुलाची घरची भाषा मराठीच असेल असं नाही. भोजपुरी, कन्नड, वडारी, कोळी बोली अशा किती तरी बोली एकाच बाकावर असतात, आणि महापालिका तर आठ भाषांच्या माध्यमांतून शाळा चालवते. नव्या भाषेत बोलायला कचरणारं मूल घोळक्यात गाताना कचरत नाही. आयांना वर्गात बोलवून त्यांच्या अंगाईच्या दोन ओळी बाईंनी शिकाव्यात आणि त्याच चालीवर मराठी शब्द बसवावेत. ओळखीच्या चालीवर अनोळखी शब्द लवकर रुजतात. चाल आणि शब्द दोन्ही नवे असतील तर दोन्ही डळमळतात. इंग्रजी गाण्यांना हे जास्तच लागू आहे. वस्तू हातात न देता म्हटलेलं इंग्रजी गाणं मुलांसाठी नुसते आवाज असतात.

साहित्य फार लागत नाही. ३० मुलांच्या वर्गाला २० सेंटिमीटर लांबीच्या टिपऱ्यांच्या सहा जोड्या, चार खंजिऱ्या, झांजांच्या दोन जोड्या आणि एक डफ. एका वेळी आठ-दहा मुलांनीच वाजवावं, बाकीच्यांनी गावं आणि मग अदलाबदल. तीसही मुलांच्या हाती खुळखुळे दिले की काँक्रीटच्या खोलीत काही ऐकू येत नाही. भिंतीपलीकडचा वर्गही बंद पडतो. जमिनीवर जाड सतरंजी आणि मागच्या भिंतीवर कापडी फलक लावला तरी घुमणं बरंच कमी होतं. खुळखुळे वर्गात करायचे असतील तर लहान बाटलीत चिंचोके पाचव्या भागापर्यंतच भरावेत, जास्त भरले की वाजत नाही. तांदूळ घालू नयेत, पावसाळ्यात किडे होतात. झाकण चिकटवून वरून चिकटपट्टी लावावी, कारण बालवाडीतली मुलं चिंचोके तोंडात घालतात. आवाज सहन न होणारं एखादं मूल असतंच. त्याला दाराजवळ बसू द्यावं, कान झाकू द्यावेत. ज्याला ऐकू येत नाही त्याचा तळहात डफाच्या चामड्यावर ठेवावा, त्याला ठेका बरोबर कळतो.

वेळेचं विचाराल तर आम्हाला वेगळा तास नको आहे. 'आनंददायी शनिवार' चांगला आहे, पण गाणं शनिवारात कोंडलं गेलं तर सोमवारच्या वाचनाला त्याचा उपयोग नाही. दिवसातून चार वेळा तीन-तीन मिनिटं पुरतात: वर्ग सुरू होताना, भाषेत, गणितात आणि पोषण आहाराआधी हात धुताना. सेकंदाला दोन मात्रा या लयीत कहरव्याची पाच आवर्तनं, म्हणजे पाच फेऱ्या, हे नेमके २० सेकंद. तेवढं गाणं संपेपर्यंत साबणाचा हात चोळायचा.

माणसांचा प्रश्न मात्र आपल्याच हातात आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, आहे तो सहावी ते आठवीसाठी, तोही पट शंभराहून अधिक असेल तर. पहिली ते पाचवीला काहीच नाही. ज्या वयात कान सर्वांत तयार असतो त्या वयाला संगीत शिक्षक नाही. जे संगीत शिक्षक नेमणुकीवर आहेत त्यांचा वेळ स्पर्धा, स्वागतगीतं आणि स्नेहसंमेलनात जातो. एका संगीत शिक्षकाकडे दहा शाळा दिल्या तरी दर पंधरवड्याला प्रत्येक शाळेत एक दिवस येतो. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक लहान वर्गात वर्गशिक्षिकेच्या सोबतीने २० मिनिटं घ्यावीत. वर्गशिक्षिका त्या वेळात वह्या तपासायला निघून गेल्या तर योजना तिथेच संपते, कारण शिकायचं त्यांनाही आहे.

१९४५ साली बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षण अंगणात नेलं, तेव्हा त्यांच्यापाशी ना स्पीकर होता ना पडदा. मुंबईपासून ते गाव लोकलने आणि पुढे गाडीने जाण्याइतकं जवळ आहे. आपल्याला बाहेरून काही आणायची गरज नाही.

म्हणून विनंती आहे की केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतली, म्हणजे जवळच्या शाळांच्या शिक्षकांच्या एकत्र बैठकीतली, ४० मिनिटं वर्षभर प्रत्यक्ष गाण्यासाठी राखून ठेवावीत, त्या वेळात सादरीकरण नको. प्रत्येक इयत्तेसाठी बाराच गाणी निवडावीत, पांढरी दोनच्या पट्टीत, सावकाश लयीत, एका साध्या आवाजात आणि वाद्यमेळाशिवाय मुद्रित करावीत, आणि ती शिक्षकांनी घरी ऐकून शिकण्यासाठी आहेत असं पाकिटावरच छापावं. गाण्याचे फोटो-व्हिडिओ पुरावा म्हणून मागणं लेखी आदेशाने बंद करावं. तपासायचंच असेल तर त्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी वर्गात यावं, पाढा मधूनच विचारावा, गाणं मध्येच थांबवावं आणि मुलं काय म्हणतात ते ऐकावं. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी एवढा आदेश निघाला, तर पहिल्या पावसाचं गाणं आम्ही आमच्या आवाजात सुरू करू.

आपले नम्र,
मुंबईतील बालवाडी व प्राथमिक वर्गांच्या काही शिक्षिका, शिक्षक आणि संगीत शिक्षक