रेलिंगचे बोल्ट माझ्याच दुकानातून गेलेत

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर आमच्या नगरपरिषदेची निविदा सूचना आली होती, मुंगीएवढ्या अक्षरात, "समुद्रकिनारा येथील रेलिंग दुरुस्ती व सुशोभीकरण करणे". बहुतेकांनी पान उलटलं असेल. मी ती कापून गल्ल्याच्या काचेखाली ठेवलीय, कारण ज्या रेलिंगची दुरुस्ती निघालीय ते मे 2024 मध्ये बसवलेलं, म्हणजे त्याने दोनच पावसाळे बघितलेत, आणि त्याचे बोल्ट माझ्या दुकानातून गेलेत.

माझं बंदररोडला हार्डवेअरचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. खाऱ्या वाऱ्यात काय टिकतं काय नाही हे आमच्याकडे होडीवाल्यांना विचारा, झोपेत सांगतील. दाराची साधी कडी दोन वर्षांत कागदासारखी सुटते, टीव्हीची अँटेना गणपतीला सरळ असते ती होळीपर्यंत मान टाकते. हे सगळ्या गावाला माहिती आहे, फक्त अंदाजपत्रकाला माहिती नाही असं मला वाटायचं. पण ते चूक निघालं, अंदाजपत्रकाला सगळं माहिती होतं.

झालं असं की 2024 ला लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि त्याच्या आधी वर्क ऑर्डर काढायची सगळीकडे घाई चाललेली. आमच्याकडे तेव्हा प्रशासक, नगरसेवक कुणी नाहीत, विचारणार कोण. एप्रिलमध्ये कामावरचा एक मुलगा दुकानात आला, 12 एमएमचे बोल्ट पाहिजेत म्हणाला, भरपूर. मी म्हटलं किनाऱ्यावरचं काम आहे ना, मग स्टेनलेस स्टील घे, त्यातपण 304 ग्रेडचं नको 316 चं घे, समुद्राला तेच टिकतं. तर म्हणतो "काका साधेच द्या, कोण चाटून बघणार हाय?" साधा म्हणजे एमएसचा, माइल्ड स्टीलचा, साध्या लोखंडासारखा गंजणारा, वरून झिंक पॉलिश, दिसायला चकचकीत. 316 चा बोल्ट त्याच्या पाचसहापट महाग. मी दिले. धंदा आहे, गिऱ्हाईक मागेल ते देतो. बिल पक्कं दिलं, कार्बन कॉपी अजून आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की हा स्वतः साव बनून लिहितोय.

पहिल्या पावसाळ्यानंतर रेलिंगवरून चहासारखे ओघळ यायला लागले. दुसऱ्यानंतर बेसप्लेटी, म्हणजे खांबाखालच्या बोल्टने बसवलेल्या पट्ट्या, सुटल्या, आणि या मे महिन्यात मुंबईचे पाहुणे फोटो काढायला टेकले तर रेलिंग त्यांच्यासकट वाळूत. नशीब उंची कमी, मोबाईलची काच गेली तेवढीच.

मग मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत, उत्तर एकोणतिसाव्या दिवशी. फाईल बघायला बोलावलं, पहिला तास फुकट असतो म्हणून घड्याळ लावून बसलो. अंदाजपत्रकात स्वच्छ लिहिलेलं, पाईप आणि बोल्ट एसएस 316 ग्रेडचे. ठेकेदाराने निविदा अंदाजपत्रकाच्या रकमेपेक्षा बरीच खाली भरलेली, बिलो म्हणतात तसं, आणि फार खाली गेलं की जादा अनामत भरायला लागते ती पण त्याने भरलेली. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, त्याच आयटमसमोर नग मोजून सही, आयटम निविदेप्रमाणे पूर्ण. बिल पास. मी तिथून सरळ किनाऱ्यावर गेलो, दुकानातलं स्पीकरचं जुनं चुंबक खिशात होतं, रेलिंगला लावलं तर असं चिकटलं की सोडवायला दोन्ही हात लागले. 316 ला चुंबक असं धरत नाही हो, शाळेतल्या पोरानेपण ओळखलं असतं. लॅब नको, काही नको. सही करणाऱ्याने नुसतं टिचकी मारून बघितलं असतं तरी चाललं असतं.

आणि हे आमच्याकडेच होतं असं पण नाही. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा 4 डिसेंबर 2023 ला उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 ला पडला, त्याच्या आठवडाभर आधी नट-बोल्ट गंजतायत असं पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याने नौदलाला दिलेलं होतं. तेव्हा आख्ख्या महाराष्ट्राला कळलं की किनाऱ्यावर बोल्ट ही छोटी गोष्ट नसते. आमचं तर साधं रेलिंग.

आता माझा मुद्दा. निविदेच्या अटीत दोष दायित्व कालावधी तीन वर्षं लिहिलाय. म्हणजे मे 2027 पर्यंत काही तुटलं फुटलं तर त्याच ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करून द्यायचं, नाही केलं तर त्याच्या अनामतीतून करायचं, त्यासाठीच तर ती ठेवून घेतलेली असते. मग दुरुस्तीची नवीन निविदा कशाला? ऑफिसात विचारलं तर एक म्हणतो ती फाईल ऑडिटला गेलीय, दुसरा म्हणतो समुद्राच्या हवेने गंजलं तर तो दोष नव्हे, नैसर्गिक आहे. अरे मग 316 कशासाठी लिहिलं होतं? शोभेला?

जुन्या ठेकेदाराला नोटीस गेलीय का एवढं एकच मी लेखी विचारलंय. त्याबरोबर एका बोल्टचा नमुना पण मागितला. तर माहिती अधिकारी हसले, म्हणाले बोल्ट म्हणजे माहिती कशी होईल. 2005 च्या कायद्याचं कलम 2(ञ) त्यांना दाखवलं, कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हे दोन्ही त्यात आहे. वाचून झाल्यावर म्हणाले बघतो. अजून बघतायत.

ठेकेदाराची बाजू पण मला माहिती आहे, त्यातले बरेच माझे गिऱ्हाईक आहेत. सरकारकडे बिलं अडकतात, 2025 मध्ये राज्यभर ठेकेदार त्यासाठी रस्त्यावर आले होते, माझी स्वतःची उधारी त्यांच्याकडे थकलेली असते. बिल कधी मिळेल याची खात्री नाही म्हणून आधीच मालात वाचवायचं, असा तो हिशोब. समजतं. पण वाचवलेला बोल्ट शेवटी घरपट्टीतून दुसऱ्यांदा घ्यायला लागतो, आणि घरपट्टी मी भरतो.

2 डिसेंबर 2025 ला मतदान झालं, इतक्या वर्षांनी आम्हाला नगरसेवक मिळाले. त्यातल्या दोघांना मी जाहिरातीचं कात्रण दाखवलं. एकाने फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला आणि संपलं. दुसरीने, पहिल्यांदाच निवडून आलीय, विचारलं काका एमबी कुठे बघायला मिळते. मी म्हटलं चला दाखवतो. 1965 च्या नगरपरिषद कायद्याप्रमाणे नगरसेवकाला स्वतःच्या परिषदेच्या ठेक्यात हिस्सा ठेवता येत नाही, ठेवला तर पद जातं, हे तिला माझ्याआधी माहिती होतं, बरं वाटलं. (ठेका मेव्हण्याच्या नावावर घेतला तर काय, हे पण तिने विचारलं. त्यावर मी गप्प बसलो, बाजारात राहायचंय.)

निविदा उघडायला अजून दिवस आहेत. तोपर्यंत ती थांबवा, जुन्या ठेकेदाराला बोलवा, आणि तो आला नाही तर अनामतीतून 316 चेच बोल्ट घेऊन बसवा. माझ्याकडून घ्या असं म्हणत नाही, सावंतवाडीहून आणा नाहीतर कोल्हापूरहून आणा. पण एमबीवर सही करायच्या आधी कुणीतरी किनाऱ्यावर जा. चुंबक माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेलं आहे, मागितलं तर देईन, फक्त परत आणून द्या.

आपला,
बंदररोडचा एक हार्डवेअरवाला
(नाव-पत्ता आपल्याकडे दिलाय, छापू नये ही विनंती)