नॅचेझच्या हवेल्या आल्या, फाटा राहून गेला

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ गावावरचा लेख वाचला. लेख ओघवता आहे, फोटोही सुरेख. तरी वाचून झाल्यावर चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं. माझा मुलगा बॅटन रूजला असतो. तिथून हे गाव गाडीने दोनेक तासांवर, त्यामुळे माझं दोनदा जाणं झालं. अ‍ॅडम्स काउंटीचं हे मुख्य ठिकाण, वस्ती जेमतेम साडेचौदा हजार. उंच कड्यावर गाव आणि खाली नदीचं संथ, मातकट पाणी. लेखात हवेल्या आल्या, १९३२ पासून दर वसंतात घरं पाहायला येणारे प्रवासी आले. पण या हवेल्यांचा पैसा कुठून आला, ते कुठेच आलं नाही.

गावाच्या पूर्व अंगाला दोन रस्ते मिळतात. त्या जागेला ‘फोर्क्स ऑफ द रोड’ म्हणतात, म्हणजे आपण ज्याला फाटा म्हणतो तेच. १८३३ ते १८६३ अशी तीस वर्षं इथे कापसाच्या मळ्यांवर राबायला माणसांचा, म्हणजे गुलामांचा, बाजार भरत होता. त्या भागात याहून मोठा बाजार फक्त न्यू ऑर्लिन्सचा. व्हर्जिनिया, मेरीलँडकडे माणसं स्वस्तात विकत घ्यायची, साखळीने बांधून शेकडो मैल चालवत किंवा जहाजाने इथे आणायची, नवे कपडे चढवून रांगेत उभी करायची. इथे लिलाव फारसे होत नसत. गिऱ्हाईक यायचं, बैलबाजारात जनावर पारखावं तसं हातपाय चाचपायचं आणि घासाघीस करून भाव ठरवायचं. आई एकीकडे जायची, लेकरू दुसरीकडे.

आज तिथे थोडी हिरवळ आहे, फलक आहेत आणि जमिनीत सिमेंटमध्ये घट्ट बसवलेल्या बेड्या आहेत. मी वाकून एका कडीला हात लावला. भर दुपार होती, लोखंड चांगलंच तापलेलं होतं. मनगटाभोवती असं लोखंड घेऊन माणसं नॅशव्हिलकडून नॅचेझ ट्रेस या ४४४ मैलांच्या जुन्या वाटेवरून चालत आली, हे त्या क्षणी पहिल्यांदा अंगावर आलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६३ च्या जुलैत, उत्तरेच्या फौजेने गाव घेतलं. पुढे याच बाजाराच्या कोठड्या पाडून त्यांचं लाकूड बराकींसाठी वापरलं गेलं आणि ते पाडण्यात कृष्णवर्णीय सैनिकांचे हात होते. लेखात हे एक वाक्य जरी असतं, तरी मला पत्र लिहावं लागलं नसतं. गावातल्या कृष्णवर्णीय रहिवाशांनी अनेक वर्षं लावून धरलं, तेव्हा कुठे २०२१ मध्ये ही जागा राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आली.

लेखात लाँगवूड या अष्टकोनी हवेलीचा फोटो आहे. बत्तीस खोल्यांची ही हवेली हॅलर नट या कापूसवाल्याने बांधायला काढली आणि १८६१ मध्ये ते यादवी युद्ध सुरू होताच फिलाडेल्फियाहून आलेले कारागीर हत्यारं टाकून घरी परतले. तळातल्या नऊ खोल्या तेवढ्या पुऱ्या झाल्या. वरच्या मजल्यांवर लाकडाचा उघडा सांगाडा आहे आणि कारागिरांचं सामान अजून तिथेच पडलेलं आहे. मी खामगावची. त्याच युद्धाने अमेरिकेचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्यांना आपल्याकडच्या रुईची निकड लागली, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो ओसरलाही. वऱ्हाडातल्या कापसाचं मोल त्या चार वर्षांत जगाला कळलं. १८७० मध्ये लॉर्ड मेयो आमच्या गावची रेल्वे सुरू करायला आले, तेही या कापसापायीच. म्हणून लाँगवूडच्या अर्धवट जिन्यापाशी उभी असताना मला आमच्या जिनिंगची आणि सरकीच्या ढिगांची आठवण झाली. त्या कापसाची आणि आमच्या कापसाची गोष्ट एकमेकींना लागून आहे.

आणखी एक घर पाहण्यासारखं आहे, विल्यम जॉन्सनचं. गुलाम म्हणून जन्मला, लहानपणी मुक्त झाला, न्हावीकाम करून गावात नाव कमावलं. त्याने १८३५ पासून १८५१ पर्यंत रोजनिशी लिहिली. पुढे तो स्वतःही गुलाम बाळगून होता, आणि हे तिथले मार्गदर्शक लपवत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटलं. जमिनीच्या हद्दीच्या वादात त्याचा खून झाला. साक्षीदार कृष्णवर्णीय होते आणि आरोपी स्वतःला गोरा म्हणवत होता, त्यामुळे त्यांची साक्ष चालली नाही आणि तो सुटला. बांधावरून झालेले खून आपल्याकडेही काही कमी नाहीत, पण साक्षीदाराचा रंग पाहून साक्ष नाकारणारा कायदा वाचताना अंगावर काटा आला.

ज्यांच्या नावाने हे गाव ओळखलं जातं, त्या मूळ नॅचेझ लोकांना फ्रेंचांनी १७३० च्या सुमारास उधळून लावलं. त्यांनी रचलेले मातीचे उंचवटे अजून उभे आहेत. १९४० च्या एप्रिलमध्ये ऱ्हिदम क्लब या कृष्णवर्णीयांच्या नाचघराच्या आगीत २०९ माणसं गेली, खिडक्या फळ्या ठोकून बंद केलेल्या होत्या. त्यांचीही आठवण गावाने जपली आहे.

या लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर कृपया फाट्याचा एक फोटो द्यावा. जे वाचक तिकडे जाणार असतील त्यांच्यासाठी सांगते, सेंट कॅथरीन स्ट्रीट आणि लिबर्टी रोड मिळतात तिथे ही जागा आहे. तिकीट लागत नाही. हवेल्यांच्या आधी तिथे जा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, खामगाव